चिखलावरचे सरोवर

प्रत्येक सरोवराला स्वतःचा सम्राट असे, त्या काळची ही गोष्ट. वक्रनख नावाचा एक चित्रकलासक्त खेकडा एका आटत्या सरोवरावर राज्य करीत होता. पाणी जसजसे मागे हटे, तसतसा ओला चिखल उघडा पडे आणि सम्राट त्यावर नांगीने चित्रे रेखाटी.

"महाराज," अमात्य रोहू मासा धापा टाकीत म्हणाला, "पूर्वसीमा गेली. ओढ्याचे तोंड गाळाने बुजले आहे. आपण नांगीने ते मोकळे केलेत, तर प्रजा वाचेल."

"पूर्वसीमा गेली? उत्तम!" सम्राट उद्गारला. "हत्तीच्या सोंडेला जागाच पुरत नव्हती."

अखेरीस एक डबके तेवढे उरले. तेव्हा प्रजेच्या समाधानार्थ सम्राटाने चिखलावर अथांग सरोवर चितारले. त्यातले तरंग इतके हुबेहूब साधले, की आकाशातून जाणारा बगळा फसून खाली उतरला. मान तिरपी करून त्याने चित्र बराच वेळ निरखले.

"अप्रतिम, महाराज! मात्र एवढ्या सरोवरात मासा नाही, हे खटकते."

सम्राटाला आयुष्यात प्रथमच जाणकार भेटला होता. डबक्याकडे वळून त्याने अत्यंत अदबीने विचारले, "अमात्य, घटकाभर इथे येऊन पहुडाल का?"