गळका गिअरबॉक्स

माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सखालून तेल गळत होतं, आणि लेकीला बाळंतपणाला आणायला घाट उतरायचा होता. शोरूमच्या टायवाल्या साहेबानं दोनदा गिअरबॉक्स नुसता फडक्यानं पुसून गाडी परत दिली. वर म्हणतो, "काका, जुन्या गाडीला घाम येतोच!" मेल्या, लोखंडाला कसला घाम?

तिसऱ्यांदा मी गाडी सरळ आतच घातली. नव्या गाड्यांना हार घालून नारळ फोडतात, त्या पांढऱ्याशुभ्र फरशीवर. तेलाचं थारोळं झालं. गिऱ्हाइकं जमली. साहेब किंचाळला, "अरे, फरशी पुसा आधी!"

मी खुर्ची ओढून बसलो. "पुसा की. गिअरबॉक्सचं गळकं सील बदलेपर्यंत पुसतच राहा."

साहेबानं स्वतः पोरांबरोबर गाडी ढकलत दुरुस्तीच्या रॅम्पवर नेली.