ओलं आसन

“...मग पलीकडच्या काठावर नेऊन सोडला तर काय बिघडेल, अक्का?”

येसाक्का पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

पाण्यावर धुकं होतं. धरण झालं तेव्हा खालचं गाव उठून गेलं आणि टेकडीवरचा हा लहानसा मठ तेवढा बेटासारखा उरला. थंडीत सकाळी इथून काठ दिसत नसे, आकाश दिसत नसे. आपण पाण्यात आहोत की ढगात, हे अंगणात उभं राहूनही कळत नसे.

शशिधर उत्तराची वाट बघत उभाच होता. हातात त्याचं पांढरं लोकरी आसन. मधोमध ओलं.

सोलापूरचं चादरींचं दुकान धाकट्या भावाकडे सोपवून तो अक्कांकडे ध्यान शिकायला मठात आला होता. शिकायला म्हणायचं एवढंच. त्याच्या मते त्याला बरंच येत होतं. तासन्तास तो मूर्तीसारखा बसे. नाकावर माशी बसली तरी पापणी हलत नसे. अक्कांनी एकदा आपल्याला तसं बसलेलं बघावं, एवढीच काय ती इच्छा उरली होती. नेमक्या त्याच वेळी अक्का मागे झाडांना पाणी घालत असत.

आणि आता हा भस्म्या.

भस्म्या म्हणजे मठातला राखाडी बोका. अजून पुरता वाढला नव्हता. पाय लांब झाले होते, तोंड पिल्लाचंच होतं. पडवीच्या कोपऱ्यात अक्कांनी त्याच्यासाठी घमेल्यात वाळू आणि चुलीतली राख भरून ठेवली होती. इतके दिवस तो शहाण्यासारखा तिथेच जायचा. आता कधी पोत्यावर, कधी वाळत घातलेल्या पंच्यावर, आणि फिरून फिरून शशिधरच्या आसनावर.

शशिधरने सगळे उपाय सांगितले. फरशी फिनेलने पुसली होती. घमेल्याभोवती कापूर ठेवला होता. आसन उंच खुंटीला टांगलं, तर बोक्याने उशी धरली. हे सांगताना त्याचा आवाज अगदी शांत होता. त्या शांतपणाचा त्याला थोडा अभिमानही होता.

एक गोष्ट त्याने सांगितली नाही. परवा त्याने भस्म्याला मानेला धरून त्याचं नाक त्या ओल्यात दाबलं होतं. तेव्हापासून तो दिसला की बोका जमिनीला चिकटून जायचा.

अक्कांनी हातातली शेंग खाली ठेवली.

“मुतताना कसा दिसतो तो?”

शशिधरला प्रश्नच कळला नाही. लघवी केली की वास येतो आणि मग कळतं, असं तो म्हणाला.

“ते झालं नंतरचं. करताना?”

त्याने ते कधी पाहिलं नव्हतं. त्याने पाहिला होता तो फक्त डाग.

“आज ध्यानाला बसू नकोस,” अक्का म्हणाल्या. “त्याच्याकडे बघत बस.”

शशिधरला ते लागलं. एवढं सगळं सोडून आलो ते मांजर बघायला का, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण त्याने आसन पडवीत पसरलं आणि तो खांबाला टेकून बसला.

धुकं उतरून अंगणात आलं. तुळस दिसेनाशी झाली, मग पायरी. मठात कुणीतरी पितळेची भांडी घासत होतं. तो आवाज फार लांबून, पाण्याखालून आल्यासारखा येत होता.

बऱ्याच वेळाने कणगीमागून भस्म्या बाहेर आला.

तो घमेल्याकडे गेला. वाळू उकरली. बसला. कान मागे पडले, पाठ वाकली, आणि त्याच्या घशातून एक बारीक आवाज निघाला. इतका बारीक, की शशिधरला वाटलं आपल्याला भास झाला.

वाळू कोरडीच होती.

भस्म्या उतरला, दोन पावलं चालला, परत चढला. पुन्हा तेच. मग तो घमेल्यापासून असा लांब सरला, जसा कुणी तापलेल्या तव्यापासून हात काढून घ्यावा.

शेवटी तो आसनाशी आला. आणि थांबला. त्याने शशिधरकडे पाहिलं.

शशिधर हलला नाही. आपण हलत नाही आहोत, हे या वेळी त्याच्या मनातही नव्हतं.

भस्म्या लोकरीवर बसला. थरथरला. उठून गेला. शशिधरने वाकून पाहिलं. दोन-तीन थेंब होते, आणि पांढऱ्या लोकरीवर ते गुलाबी दिसत होते.

त्याने अक्कांना हाक मारली, अगदी हलक्या आवाजात. अक्का आल्या, खाली बसल्या, बोक्याच्या पोटाला बोटं लावली आणि लगेच काढून घेतली. पोट लिंबासारखं टणक लागत होतं.

“माझ्याही ध्यानात आलं नाही बघ,” त्या म्हणाल्या. “मी आपली धूत राहिले.”

मग त्यांनी त्याला होडी गाठायला सांगितलं.

शशिधरने भस्म्याला आपल्या उपरण्यात गुंडाळलं आणि होडीत बसला. धुक्यातून वल्ह्याचा आवाज येत होता. मधोमध आल्यावर मागचा काठ गेला आणि पुढचा अजून आला नव्हता. पाणी आणि हवा एकाच रंगाची झाली होती. त्या पांढऱ्यात एवढी एकच गोष्ट खरी वाटत होती: उपरण्याच्या आत, त्याच्या बरगडीला लागून, भराभर धडधडणारं एक लहानसं काळीज.

त्याला बघून जमिनीला चिकटणारा बोका आता त्याच्या मांडीवर डोळे मिटून पडला होता. भ्यायचंही बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

शशिधरला आपली बोटं दिसली. मानेला धरणारी.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पोट चाचपलं, सुई टोचली, पाजायला औषध दिलं. मूत्राशय सुजलं आहे, वाट चोंदत आली आहे, पण अजून पुरती बंद नाही, असं त्या म्हणाल्या. बोक्यांना होतं हे. उबेत ठेवा, बोटाने पाणी चाटवा, घमेलं बदला, नुसती वाळू घाला आणि फिनेलचा वास घरात नको. दिवस मावळेपर्यंत मोकळा झाला तर ठीक. नाही झाला तर लगेच घेऊन या, नळी घालावी लागेल. उशीर झाला तर अंगात विष चढतं, मग जगत नाही.

निघता निघता शशिधरने विचारलं, की मग त्याने आसनच का धरलं.

“वाळूत बसला की दुखतं,” हात धूत त्या म्हणाल्या. “त्याला वाटतं, दुखणं त्या घमेल्यातच आहे. म्हणून मऊ जागा शोधतो. तुमच्यावर राग नव्हता हो त्याचा.”

ते वाक्य घेऊन तो होडीत बसला.

मठात परतल्यावर त्याने पडवीत घोंगडं पसरलं आणि बोक्याला मांडीवर घेतलं. अक्कांनी नवं घमेलं, नदीची धुतलेली वाळू, दुसऱ्याच कोपऱ्यात ठेवलं आणि त्या कामाला लागल्या.

दुपार झाली. सूर्य धुक्यात तुपाच्या गोळ्यासारखा विरघळत होता. शशिधर बोट पाण्यात बुडवी, बोक्याच्या ओठाला लावी. कधी तो चाटे, कधी नाही. जेवायला हाक आली ती त्याला ऐकू गेली नाही. आरतीची घंटा वाजली. त्याची रोजची बसायची वेळ आली आणि निघून गेली. पायांना मुंग्या आल्या, मग पाय आहेत हेच तो विसरला.

तो फक्त त्या पोटाकडे बघत होता. वर येणारं, खाली जाणारं.

दुकान आठवलं नाही, हिशेब आठवले नाहीत. आपण काय होणार आहोत हेही आठवलं नाही. आजवर त्याने देवाकडे मोक्षाखेरीज काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी त्याने मूत मागितलं.

उन्हं कलली. पाण्यावर तांबूस उजेड आला आणि धुकं आतून पेटल्यासारखं दिसू लागलं. होडीवाल्याला हाक मारावी का, असं त्याच्या मनात आलं, आणि तेवढ्यात मांडीवर काहीतरी ऊन लागलं.

त्याला वाटलं, उन्हाची तिरीप असेल.

ऊब पसरत गेली. थांबली नाही. धोतरातून, मांडीवरून, घोंगड्यात, तिथून फरशीवर. एवढ्याशा जिवात एवढं पाणी कुठे साठलं होतं...

भस्म्याने डोळे उघडले. काय झालं ते त्याला कळलं असावं, कारण त्याने कान पाडले, मान आत ओढली आणि मार खायला तयार होऊन पडून राहिला.

शशिधरने त्या मानेवर हात ठेवला. तिथेच, जिथे परवा धरलं होतं. नुसता ठेवला.

हळूहळू बोक्याचे कान वर आले. मग अंग सैल पडलं. मग आतून घरघर सुरू झाली, जुन्या जात्यासारखी.

शशिधर भिजलेला बसून होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. हसूही येत होतं. कुठलं कशाचं, हे त्याला निवडता येत नव्हतं.

अक्का दारात उभ्या होत्या. कधीपासून, ते त्याला ठाऊक नव्हतं.

“अक्का,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. “दुपारभर मी नव्हतोच. कुठेच नव्हतो. इतकी वर्षं बसलो, तिथे नाही घडलं हे. मला सांगा, हेच का ते... ज्याच्यासाठी माणसं घर सोडतात?”

अक्का जवळ आल्या. त्याच्या शेजारी, त्या ओल्या फरशीवर बसल्या. घोंगड्याचं कोरडं टोक ओढून त्यांनी बोक्याच्या पाठीवर घातलं.

“हळू बोल,” त्या म्हणाल्या. “त्याचा आत्ताच डोळा लागलाय.”