झिमाबाईचं एकच खोटं

ऐनवड्याच्या देवळावर अजून कळस चढला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. म्हणजे फारच जुनी. त्या गावात झिमाबाई नावाची धनगरीण राहायची. तिच्याकडे वीस शेळ्या होत्या, आणि जे डोळ्यांना दिसलं ते तसंच्या तसं सांगायची वाईट खोड होती.

गावाचा रिवाज असा, की पारावर कोणी थाप मारली तर त्याने गुरांच्या दगडी हौदात चाळीस घागरी पाणी ओतायचं. झिमाबाई रानातून यायची आणि सांगायची, "धनेश पाखराची बायको अंडी घालायला ढोलीत बसती आन् दार आतनं लिंपून घेती. नवरा दोन-दोन महिने फटीतनं फळं भरवतो." पार खो-खो हसायचा. असला नवरा कुठं असतो काय? चाळीस घागरी! मग ती सांगायची, "लाल मुंग्या पानं शिवत्यात. त्यांच्या पिलांच्या तोंडातनं धागा निघतो, आन् थोरल्या मुंग्या ती पिलंच सुईवानी फिरवत्यात." आणखी चाळीस. असं म्हणतात, की त्या काळात ऐनवड्याची गुरं एक दिवसही तहानलेली राहिली नाहीत.

देवळाचा गुरव मात्र खुशाल सांगायचा, की पन्हाळीवर कोरलेला मकर, तोच तो हत्तीच्या तोंडाचा आणि माशाच्या अंगाचा, आपण डोहात पोहताना पाहिलाय. त्याला कोणी घागर उचलायला लावली नाही. मकर दगडात कोरलेला होता, तेव्हा तो असणारच.

एकदा झिमाबाईने सांगितलं, की रानात एक मांजर आहे. त्याच्या अंगावर माशासारखे खवले आहेत, तोंडात एकही दात नाही, ते मुंग्या खाऊन जगतं आणि पिल्लाला शेपटीवर बसवून हिंडवतं. हे ऐकून सुबराव पाटलाचं डोकंच फिरलं.

"झिमे, आता हद्द झाली. दसऱ्यापतुर ते मांजर दाव, न्हाईतर शेळ्या घेऊन रान सोड."

रान सोडायचं तर वीस शेळ्यांनी खायचं काय, पाटलाचं मुंडासं? बिचारी दोन महिने काट्याकुट्यातून हिंडली. वारुळं पालथी घातली. मांजर काही दिसेना. संध्याकाळी शेळ्या मोजताना तिला रडू फुटायचं.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी गुरवाच्या आरोळीने गाव गोळा झाला. देवळाच्या पायरीवर पाटीएवढा खवल्यांचा गोळा पडला होता. दगड मारला तर टण्णकन उडाला. काठीने उलगडेना. मग पाटील कुऱ्हाड घेऊन आला. ते खवले त्याच्या मनात भरले होते. तसली ढाल पंचक्रोशीत कुणाकडे नव्हती. कुऱ्हाड उचलून त्याने विचारलं, "झिमे, ह्येच का गं तुझं मांजर?"

झिमाबाईला आभाळ ठेंगणं झालं. एक 'व्हय' म्हटलं की रान वाचलं आणि अख्ख्या गावाची तोंडं बंद. तिने तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात गोळ्याच्या फटीतून एक गुलाबी नाकाड बाहेर आलं, त्याने वारा हुंगला आणि ते परत आत गेलं. आईने पिल्लू पोटाशी धरून स्वतःची मूठ केली होती. हे एकट्या झिमाबाईला दिसलं, कारण नीट बघायची सवय तिथे तिला एकटीलाच होती.

"मांजर कसलं?" ती म्हणाली. "ही तर मकराची लेक. बाळंतपणाला माहेरी आलीया."

कुऱ्हाड पाटलाच्या हातून गळून पडली. त्याने स्वतःच्या गालफडात मारून घेतली. बायका ओटी भरायला धावल्या. "ह्यीच ती!" गुरव ओरडला, "डोहात बघितलेली!" एकानेही एक प्रश्न विचारला नाही.

जरा वेळाने पाटील भानावर आला. "मग तुझं ते मांजर?"

"न्हाई, पाटील. थाप हुती माझी."

तिचं हे आयुष्यातलं पहिलं खोटं, आणि गावाला पटलेलं तिचं पहिलं बोलणं. त्या दिवशी तिने कुणी सांगायची वाट न बघता चाळीस घागरी ओतल्या, शेळ्या सोडल्या आणि डोंगराची वाट धरली. असं म्हणतात, की तिच्या मागे वीस शेळ्या होत्या, शेळ्यांच्या मागे खवल्या मांजरांची रांग होती आणि प्रत्येक मांजराच्या शेपटीवर एक पिल्लू होतं. ती ज्या माळावर राहिली तिथलं गवत भर वैशाखातही वाळत नाही, असंही म्हणतात. वर जाताना तिने सगळं खरं-खरं शेळ्यांना सांगितलं. शेळ्यांकडून ते गावाला कसं कळलं, ते मला नका विचारू, गुरवाला विचारा.

ऐनवड्याच्या रानात आजही खवल्या मांजराला कोणी हात लावत नाही. आणि दर दसऱ्याला त्या पायरीवर झिमाबाईच्या नावाने नारळ फोडून गुळाचा मोठा खडा ठेवतात. रात्रभर त्याला मुंग्या लागतात. पहाटे एक मांजर येतं, मुंग्या चाटूनपुसून खातं आणि गूळ-नारळ जागच्या जागी ठेवून निघून जातं. सकाळी सगळा गाव पायरीभोवती हात जोडून उभा राहतो आणि पोराबाळांना दाखवतो, की बघा रे मकराच्या लेकीचा चमत्कार, एवढा गूळ, पण एक मुंगी लागली नाही!