चाड्यावरची मूठ

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाला अजून नाव पडलं नव्हतं. लहानांनी ऐकावीच, पण ज्यांच्या घरी लहान आहेत त्यांनी जरा जास्त कान देऊन ऐकावी.

त्या गावात एक बाई होती. बैल ओढतात त्या पेरणीच्या पाभरीवर एक लाकडी वाटी असते, तिला चाडं म्हणतात. चालता चालता मुठीतून त्या चाड्यात बी सोडायचं, म्हणजे ते नळ्यांतून मातीत उतरतं. बोटं सैल पडली तर रोपांची दाटी होते, आवळली तर ओळ रिकामी जाते. या बाईची ओळ अशी यायची, की जणू दोरी धरून आखली आहे. सात गावं तिला मूठवाली म्हणत, आणि ती ते मान ताठ ठेवून ऐकून घेई.

तिचा भाऊ आणि भावजय साथीत गेले. त्यांची तान्ही पोर, हौसा, हिच्या पदरात आली. मूठवालीनं तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं. जपलं म्हणजे काय, तर पोरीला काही करूच दिलं नाही. पोरीनं भाकरीला हात घातला की ही म्हणे, "राहू दे गं, चुरा होईल. मी भरवते." परकराची नाडी बांधायला गेली की, "निरगाठ बसेल, आण इकडे." नुसतं झाडाच्या फांदीकडे बघितलं तरी, "पडशील!" पाच वर्षांची घोडी झाली तरी हौसा आत्याच्या कडेवर. मूठवालीच्या घरात जमिनीवर एक शीत सापडायचं नाही, आणि त्याचाही तिला केवढा तोरा!

शेजारी कुंभारीण राहायची. तिची पोरगी सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखलात.

"पोर आहे का रेडकू गं तुझं?" मूठवाली कुंपणावरून विचारी.

"रेडकू तर रेडकू," कुंभारीण म्हणे. "पण आपल्या पायानं डबक्यात जातं. तुझी राणी जाते का?"

"माझ्या पोरीला डबकं कशाला हवं?"

"पोरीला नको असेल, तिच्या हाताला हवं. अगं, ताकद पाण्यासारखी वरून खाली उतरते. आधी खांद्यात, मग कोपरात, मग मनगटात. बोटांपर्यंत यायला तिला सगळ्यात उशीर लागतो. तू वरच बांध घालून ठेवलास, तर खाली काय येणार?"

"मडकी घडव तू. शहाणपण नको घडवूस," असं म्हणून मूठवाली आत निघून जाई.

आता त्या गावाची एक रीत होती. शाळूच्या, म्हणजे थंडीतल्या ज्वारीच्या, पेरणीची पहिली मूठ पाच वर्षांच्या लेकरानं धरायची. घरं पाळीपाळीनं ठरलेली. लेकरानं चाड्यात बी सोडत दहा पावलं चालायचं. मोठ्या माणसानं सोबत असावं, खांद्यावर हात ठेवावा, पण लेकराच्या हाताला हात लावू नये. नव्या हाताची मातीला ओळख व्हावी, एवढंच त्यात होतं. वेडीवाकडी ओळ आली तरी गाव गूळ वाटायचा.

त्या वर्षी पाळी मूठवालीच्या घराची होती. सगळा गाव बांधावर उभा. हौसाला नवा परकर. तिच्या मुठीत शाळूचं बी दिलं. बैल चालले.

मूठ उघडेना.

पोरीला मूठ आवळता येत होती, पण जराशी सोडायची कशी, हे त्या बोटांना कधी कुणी कळूच दिलं नव्हतं. एक पाऊल गेलं. दोन गेली. चाडं रिकामंच. हौसानं वर बघितलं आणि हळूच म्हणाली, "आत्ते, तू कर."

रोज घरात म्हणायची तसंच म्हणाली.

 सात गावांची मूठवाली, आणि तिच्या घरची पहिली मूठ अशी? "पोरीला ऊन लागतंय," असं मोठ्यानं म्हणत तिनं पदर पुढे ओढला, आणि पदराखाली पोरीच्या मुठीतलं बी आपल्या बोटांत घेतलं. आठ पावलं बी असं उतरलं, की बैलांनीही मान डोलवावी.

"भाची कुणाची!" लोक ओरडले. गूळ वाटला.

पदराखालून हौसा आत्याकडे बघत होती. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आठव्या दिवशी शाळू वर आला. ओळ सरळ, काडीइतकाही फरक नाही. गावची पोरं हौसाभोवती जमली. "दाखव ना गं, कशी धरलीस?" हौसानं दोन्ही हात परकराच्या घोळात दडवले. त्या दिवसापासून ते हात बाहेर आलेच नाहीत. जेवताना आ करायची, पण हात मांडीखाली.

एका दुपारी कुंभाराच्या पोरीनं तिच्यापुढे मातीचा गोळा धरला. "घे, बैल करू."

"मी नाही," हौसा म्हणाली. "माझे हात खोटे आहेत."

मूठवाली कुंपणाच्या अलीकडे उभी होती. तिनं ते ऐकलं. तोंडाला कुणी शेण फासलं असतं तर धुता आलं असतं. हे कशानं धुवायचं? पोरीनं कुणाचं काही चोरलं नव्हतं, कुणाला फसवलं नव्हतं. चोरी आत्याची, आणि तोंड लपवत होती पाच वर्षांची पोर. मूठवालीला आपलेच हात बघवेनात. भाकरी थापायला बसली, पीठ परातीत तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं हौसाला कडेवर घेतलं नाही. चालवत पारावर नेलं. तिथं गावातला सगळ्यात म्हातारा माणूस बसला होता, आजूबाजूला चारचौघं होते.

"आजोबा, पहिली मूठ माझी होती," ती म्हणाली. "पदराखाली माझी बोटं होती. पोरीची मूठ उघडलीच नव्हती."

 चारचौघांतला एकजण म्हणाला, "जाऊ द्या हो. ओळ तर सरळ आली ना?"

"सरळ आली, त्याचीच लाज वाटते," मूठवाली म्हणाली. खाली घातलेली मान तिनं वर केली नाही.

म्हाताऱ्यानं काठीनं माती उकरली. "रीत मोडली बाई. तुझ्या घराची पाळी गेली. आणि गावाच्या पाभरीवर आता तू मूठ धरायची नाहीस."

"मान्य."

"आणि या पोरीला काय सांगशील?"

मूठवाली हौसापुढे उकिडवी बसली. "हौसे, तुझे हात खरेच आहेत. खोटे माझे होते."

तिथून ती थेट कुंभारणीच्या दारात गेली. म्हणाली, "शिकव."

"पोरीला?"

"मला. पोरीला तुझा चिखल शिकवेल."

कुंभारीण टोचून बोलणार होती, पण समोरचं तोंड बघून तिनं जीभ आवरली. "तुला एकच शिकायचंय. गप्प बसायचं."

तेच सगळ्यात अवघड गेलं. हौसा फांदीला लोंबकळली, पडली, गुडघा फुटला. मातीचा गोळा दोन्ही हातांनी बडवला, त्याचा बैल झाला नाही, शेणाचा पो झाला. वरणभात कालवायला लागली तेव्हा निम्मा ताटाबाहेर. आधी घास मुठीत दाबून धरायची. मग पाची बोटांत आला. मग एके दिवशी अंगठ्यानं पुढे ढकलून तोंडात गेला, आणि पोर स्वतःच चकित झाली. मूठवाली शितं वेचायची आणि तोंड मिटून ठेवायची.

पुढच्या वर्षी पहिली मूठ दुसऱ्याच घराची झाली. गावाची पाभर फिरली तेव्हा मूठवाली मागं ढेकळं फोडत चालली होती. सवयीनं बोटं हलत, मग ती कुदळीचा दांडा आवळून धरी.

तिच्या स्वतःच्या तुकड्यात मात्र हौसानं मूठ धरली. रोपं आली ती इथं झुबका, तिथं टक्कल. त्या रिकाम्या जागा एका दुपारीत भरता आल्या असत्या. मूठवालीनं भरल्या नाहीत.

बांधावरून जाणारा कुणी हसून ओरडला, "ही वाकडीतिकडी ओळ कुणाची रे?"

"माझी!" हौसा शेताच्या दुसऱ्या टोकावरून ओरडली.

मूठवालीनं पदरानं तोंड पुसलं. हा आवाज तिला गेल्या वर्षीच ऐकता आला असता, आणि तोही सगळ्या गावासमोर. ते वर्ष काही परत येणार नव्हतं. पुढे ती खूप जगली, पण गावाच्या चाड्यावर तिचा हात पुन्हा कधी गेला नाही, आणि तिनंही तो कधी मागितला नाही.

सांगणं एवढंच: लेकराच्या हातचं काम जो काढून घेतो, तो त्याचे हातच काढून घेतो.