दुसरा कर्णा

“मग यात मी श्वास केव्हा घेतो?” गुरूंनी विचारलं.

रिग्झिनने आधी चित्राकडे पाहिलं, मग गुरूंकडे. थट्टा चालली आहे की काय, त्याला कळेना.

“श्वास?”

“हो. श्वास.”

चित्र मठाच्या अंगणात फरशीवर पसरलं होतं. वाऱ्याने उडू नये म्हणून गुरूंनी त्याच्या कोपऱ्यावर आपला चहाचा वाडगा ठेवला होता, आणि रिग्झिनचा सगळा जीव त्या वाडग्याच्या ओल्या बुडाशी अडकला होता.

डोंगरांच्या बेचक्यात बसलेला हा देश एवढासा, की नकाशावर त्याचं नाव शेजाऱ्याच्या जमिनीवर लिहावं लागतं. त्या देशाने यंदा मनावर घेतलं, की आपला वारसा जगाला दाखवायचा. त्यासाठी टपालाची चार नवी तिकिटं काढायची. एकावर झुलता पूल, एकावर मुखवटे, एकावर काळ्या लोकरीचं घोंगडं. चौथ्यावर लोदेन गुरू आणि त्यांच्या मठातला कर्णा. माणसाच्या दुप्पट लांबीचा, पितळी, धुकं उतरलं की फुंकायचा.

चारही चित्रं रिग्झिनची. ज्याचा चेहरा तिकिटावर येणार त्याने तोंडाने ‘हो’ म्हणायला हवं, असा तिथला रिवाज. तेवढ्या एका शब्दासाठी तो जीप घेऊन वर आला होता. उद्या छपाई सुरू व्हायची होती.

‘हो’ मिळणारच, याची त्याला खात्री होती. का नसावी? याच मठात तो लहानाचा मोठा झाला. शिकायला शहरात जाईपर्यंत गुरूंच्या शेजारी बसून दुसरा कर्णा त्यानेच फुंकला होता.

“गुरुजी, हे तिकीट जगभर जाईल,” तो समजावू लागला. “आपल्या देशाचं नावही ज्यांनी ऐकलेलं नाही, त्यांच्या दारात तुम्ही जाऊन उभे राहाल.”

“मी?” गुरू म्हणाले. “मला मठाच्या पायऱ्या उतरवत नाहीत.”

रिग्झिन हसला नाही. अशा वेळी हसणाऱ्यांचा त्याला राग यायचा. देश पुसला जातोय आणि माणसं विनोद करताहेत...

“खाली काय लिहिलंयस?”

“‘अखंड नाद’.”

“हं.”

गुरूंनी वाडगा उचलला, एक घोट घेतला, आणि नेमका त्याच जागी परत ठेवला.

“माणूस एकच दिसतो.”

“तिकिटावर जागा ती केवढी? दोघे बसवले तर चेहरे तिळाएवढे होतात.” मग जरा घुश्शात तो म्हणाला, “आणि दुसऱ्या कर्ण्यावर मी स्वतःलाच काढायचं होतं का? बरं दिसलं असतं ते?”

“नाही. बरं नसतं दिसलं.”

“मग हो म्हणा.”

गुरू खिंडीकडे पाहत राहिले. खिंडीतून धुकं उतरत होतं. आधी झाडं गेली, मग पायवाट, मग समोरचा काळा कडा.

जिन्याशी धापा टाकण्याचा आवाज आला. देकी म्हातारी वर आली आणि जात्याच्या तळीसारखी खाली बसली.

“गुरुजी, सून आली नाही अजून. वरच्या कुरणात गेलीय मेंढ्या घेऊन.”

“यांगकी? एकटी?”

“एकटीच. कोण राहिलंय तिच्याबरोबर जायला?” मग तिची नजर रिग्झिनवर गेली. “हा आपला रिग्झिन ना? गाल बरे फुगलेत रे तुझे. शहरात काय फुंकतोस?”

गुरू उठले. भिंतीला टेकलेला कर्णा त्यांनी ओढत कठड्याशी आणला, त्याचं तोंड खिंडीकडे केलं आणि मागे बसले. रिग्झिन सवयीने मदतीला धावला, तेव्हा त्याला दुसरा कर्णा दिसला. त्याच्या तोंडात चिंधी कोंबलेली होती.

“याच्यावर आता कोण बसतं?”

“कुणी नाही,” गुरू म्हणाले.

“बाकीची पोरं?”

“तुझ्यामागे गेली सगळी,” देकी म्हणाली. “तू नाव काढलंस म्हणे तिकडे.”

“मला कळवायचं होतं... मी पाठवलं असतं कुणालातरी.”



गुरूंनी फुंकलं. जाड, खोल सूर धुक्यात शिरला. रिग्झिनच्या अंगावर काटा आला. हेच. हेच तर त्याने चित्रात पकडलं होतं.

मग सूर थांबला. गुरू श्वास घेत होते. खांदे वर जात होते, खाली येत होते. श्वास भरायला आता त्यांना फार वेळ लागत होता.

आणि त्या शांततेत समोरच्या कड्याकडून तोच सूर परत आला. स्वच्छ. मूळ सुराहून गोड.

रिग्झिनला तो प्रतिध्वनी माहीत होता. त्याच्या वेळी तो सगळ्यात शेवटी, एकदाच यायचा. गुरू आणि तो कर्णे खाली ठेवायचे तेव्हा. तोवर माणसं घरी पोचून चुलीशी बसलेली असायची. लहानपणी तो म्हणायचा, कडा निजायला निघाला.

“किती सुंदर,” तो पुटपुटला.

“सुंदर?” देकी म्हणाली. तिचा आवाज एकदम कोरडा झाला. “धुक्यात माणूस कानाने चालतं रे. आता ती त्या आवाजाकडे वळली असेल. आणि कड्याखाली काय आहे, ते तुला माहीत आहे.”

कड्याखाली घळ होती. तिचा तळ कुणी पाहिला नव्हता.

“म्हणजे एकट्याने फुंकलं की...”

“गेल्या हिवाळ्यात खेचरं गेली. चांगली लादलेली. माणूस दोर सोडून बसला म्हणून वाचला. तेव्हापासून धुकं आलं की लोक असतील तिथे बसून राहतात. पण यांगकी बसणारी नव्हे. घरी तान्हं आहे तिचं.”

गुरूंनी पुन्हा फुंकलं. पुन्हा थांबले. कड्याने पुन्हा हाक मारली.

रिग्झिनने चिंधी उपसून फेकली.

त्याने ओठ लावले. आधी नुसता वारा आणि थुंकी. मग हरवलेलं वासरू ओरडावं तसं काहीतरी. देकीने कपाळाला हात लावला. गुरूंनी मान वळवली नाही, की हातसुद्धा हलवला नाही. ते आपल्या सुरात होते.

तो सूर संपत आला. रिग्झिनने पोट आवळलं, डोळे मिटले आणि फुंकलं.

या वेळी लागला. फाटका होता, पण लागला. त्या फाटक्या सुराखाली म्हाताऱ्याने सावकाश, मन लावून श्वास घेतला. आणि रिग्झिनचा दम तुटायच्या आत त्यांचा सूर खालून वर आला, पडणाऱ्याला काखेत धरावं तसा.

मग तो श्वास घेई, ते फुंकत. ते श्वास घेत, तो फुंके. कडा असेल तिथे असेल. त्याला बोलायला फटच मिळेना.

रिग्झिनचे ओठ आधी बधिर झाले, मग फुटले. पितळेला रक्ताची चव असते की रक्ताला पितळेची, हे त्याला सांगता आलं नसतं. शहर, छापखाना, चार तिकिटं, यातलं काहीच त्याच्या डोक्यात नव्हतं. गुरूंचा सूर संपण्याआधी आपला लागला पाहिजे, एवढंच होतं.

मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या तेव्हा आधी देकी रडली.

यांगकी अंगणात आली. भिजलेली, दमलेली, आणि चांगलीच वैतागलेली. “सासूबाई, रडता काय? बाळाने दूध घेतलं का?” मग गुरूंकडे पाहून म्हणाली, “पहिल्यांदा जरा चकले. डावीकडे उतरायला लागले होते. मग कडा गप्प झाला.”

ती आणि देकी घाईने खाली गेल्या.

धुकं विरळ होऊ लागलं होतं. खाली रस्त्यावर जीपवाल्याने हॉर्न वाजवला. उजेड होता तोवर त्याला घाट उतरायचा होता.

रिग्झिन तसाच बसून होता. दुसरा कर्णा त्याच्या मांडीवर आडवा.

“गुरुजी,” तो म्हणाला. फुटक्या ओठांनी शब्द नीट येईनात. “चुकलो मी. छपाई थांबवतो. चित्र नव्याने काढतो. दोन कर्णे, दोन माणसं. चेहरे तिळाएवढे झाले तरी चालतील.”

गुरूंनी चित्रावरचा वाडगा बाजूला केला. कोपऱ्यावर ओलं वर्तुळ उमटलं होतं. त्यांनी चित्र हातात घेतलं, दूर धरलं, पुष्कळ वेळ पाहिलं.

“चांगलं आहे,” ते म्हणाले. “हो. छाप.”

“पण यात तुम्ही एकटे आहात...”

खालून पुन्हा हॉर्न वाजला.

गुरूंनी चित्राची गुंडाळी केली आणि ती त्याच्या हातात ठेवली.

“चित्रात मी एकटा असलो तरी चालेल.”