ओटीतल्या दगडांची खिंड

२८ ऑक्टोबर, शनिवार. पहाटे गवतावर दंव होते. दहानंतर आकाश स्वच्छ झाले ते दिवसभर तसेच राहिले. वारा वायव्येचा, बोचरा. दुपारी तीनच्या सुमारास बहिणीची मुलगी ऋजुता मला गाडीने हार्टवेल हॉलो या गावी घेऊन आली. मॅसॅच्युसेट्समधले हे खेडे दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगटात आहे.

पश्चिमेची टेकडी गावाला अगदी लागून आहे. तिची कड दोरी धरून आखल्यासारखी सरळ. फक्त एका जागी खाच पडली आहे. गावातल्या जुन्या प्रार्थनाघराच्या दारात उभे राहिले की ती बरोबर समोर येते. नकाशावर तिला एप्रनची खिंड म्हणतात. इथल्या बायका पूर्वी घागऱ्यावर पुढे जे फडके बांधत, त्याच्या खोळीत भरून दगड खाली आणले, म्हणून हे नाव. मी माझ्यापुरते ते 'ओटीतल्या दगडांची खिंड' असे करून घेतले.

प्रार्थनाघर दाखवायला लोइस पेटिंगिल नावाच्या ऐंशीच्या बाई होत्या. पूर्वी त्या शाळेची बस चालवत. आम्ही सात-आठ पाहुणे होतो. त्यांतला एक जण म्हणाला, "खाच वाऱ्यापावसाने पडली असेल."

"वाऱ्यापावसाला एवढ्या टेकडीवर एकच जागा सापडली का?" लोइसबाई म्हणाल्या. "आणि तीही दाराच्या नेमकी समोर?"

मग त्यांनी सांगितले ते असे. ऋजुता कानाशी मराठीत सांगत होती.

हे गाव वसवणारे लोक इंग्लंडहून आले. प्रार्थना कशी करायची हे तिथले बिशप आणि राजा ठरवत, ते त्यांना सोसेना. आपल्या मनाप्रमाणे देव भजता यावा म्हणून त्यांनी समुद्र ओलांडला. टेकडी तेव्हा इथल्या मूळच्या निपमक लोकांची होती. "तिला ते काय म्हणत, हे आमच्या माणसांनी विचारलंसुद्धा नाही. तिथपासूनच सुरुवात आहे," लोइसबाई म्हणाल्या.

त्यांचा शब्बाथ, म्हणजे देवाचा दिवस, रविवारी सकाळी नव्हे तर शनिवारी सूर्य मावळताच लागे. मग झाडू मारायचा नाही, चूल नवी पेटवायची नाही, नवराबायकोने जवळ यायचे नाही. खोलगट गावात सूर्य मावळला कधी म्हणायचे, यावर वाद होत. म्हणून गावचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, ओबडाया स्टर्ट यांनी नियम घालून दिला. प्रार्थनाघराच्या दारातून सूर्य दिसतो तोवर शनिवार, दिसेनासा झाला की शब्बाथ. त्या क्षणी एनॉस पाइक नावाचा म्हातारा दारात उभा राहून शंख फुंकी. घंटा घ्यायची ऐपत अजून गावाला नव्हती.

इथे लोइसबाईंनी मला विचारले, "तुमच्याकडेही शंख वाजवतात म्हणे?"

"घरोघरी, पूजेला," मी म्हटले.

"बोलावायला की थांबवायला?"

उत्तराची वाट न पाहता त्या पुढे सांगू लागल्या.

गावात सबमिट वेल्डन नावाची एक बाई होती. सबमिट म्हणजे नमून राहा. मुलींना तेव्हा अशी नावे ठेवत. सोळाशे छप्पन सालच्या ऑक्टोबरातल्या एका शनिवारी तिला कळा सुरू झाल्या. शेजारच्या चार बायका जवळ होत्या. घराचे दार पूर्वेकडे उघडणारे, आणि समोरच्या टेकडीच्या उतारावर एक मोठा पांढरा धोंडा. शंख वाजला आणि लगेच मूल रडले. मुलगी झाली. त्या वेळी त्या धोंड्यावर ऊन होते, म्हणजे सूर्य टेकडीआड गेला तरी मावळला नव्हता, असे सबमिट म्हणाली. चौघींनीही ते पाहिले होते.

शब्बाथला जन्मलेले मूल शब्बाथलाच पोटी राहिलेले असते, असे तेव्हा कित्येक पाळक मानत. म्हणजे आईबापांनी पवित्र दिवस विटाळला. दोघांनी प्रार्थनेला जमलेल्या सगळ्या मंडळीसमोर उभे राहून पाप कबूल करायचे, तरच मुलाला बाप्तिस्मा. सबमिटचा नवरा जोशाया कबुली द्यायला तयार झाला. "चार शब्द म्हणायचे आहेत, म्हणून टाकू," तो म्हणाला.

"जे केलं नाही ते केलं म्हणू? देवाच्या घरात उभी राहून खोटं बोलू?" सबमिट म्हणाली. "माझी मुलगी शनिवारची आहे."

ती पाळकांकडे गेली. धोंड्यावरच्या उन्हाचे सांगितले. साक्षीला चौघी आहेत म्हणाली. पण प्रार्थनाघरात बायकांनी बोलायचे नाही, असा नियम होता. बाईने तोंड उघडायचे ते स्वतःचे पाप सांगायला. चौघींना कुणी बोलावलेच नाही.

"मधे डोंगर आला म्हणून ती रविवारची?" सबमिटने विचारले.

"डोंगर देवानं ठेवलाय," पाळक म्हणाले. "आणि तुझं नाव तुझ्या बापानं विचार करून ठेवलंय."

मार्चमध्ये मुलगी तापाने गेली. बाप्तिस्मा झाला नव्हता. पाळकांनी तिला दफनभूमीच्या दगडी कुंपणाबाहेर, ओढ्याच्या अंगाला पुरायला लावले. आपल्यावर कुणी सक्ती करू नये म्हणून ज्यांनी घरदार सोडले, त्यांनी पाच महिन्यांच्या पोरीला भिंतीबाहेर ठेवले.  "ही गोष्ट मी चाळीस वर्षं सांगतेय," लोइसबाई म्हणाल्या. "इथे आले की अजून माझे कान तापतात."

त्याच वर्षी ऑक्टोबरात, मुलीच्या जन्माच्या तारखेला, सबमिट प्रार्थनाघराच्या दारात उभी राहिली आणि सूर्य कडेवर नेमका कुठे टेकतो ते तिने पाहून ठेवले. दोन पाइन वृक्षांच्या मधे. दुसऱ्या दिवसापासून घरचे काम उरकले की ती टेकडी चढे, पहारीने दगड सैल करी, एप्रनमध्ये घेऊन खाली आणी आणि दफनभूमीच्या कुंपणाशी रची. या मुलखात जमीन खणली की दगडच निघतात आणि जो तो कुंपणे घालतो. त्यामुळे कुणाला आक्षेप घेता येईना. शनिवारी मात्र शंख वाजायच्या आत तिची पहार घरात असे. तिने शब्बाथ कधीच मोडला नाही म्हणे.

पाळकांनी एकदा वाटेत अडवून विचारले, "हे काय चाललंय?"

"कुंपणाला दगड कमी पडतायत, रेव्हरंड."

पुढच्या उन्हाळ्यात त्या चौघींतली एक एप्रन बांधून वर गेली. मग दुसरी. मग अशा बायका, ज्यांच्या मुलांना असाच बाप्तिस्मा नाकारला होता. नवरे आधी हसले. "टेकडी संपली की आमच्या डोक्याकडे वळणार का?" असे एकाने विचारले. "तिथे दगड बरे सापडतील," असे त्याला उत्तर मिळाले. ही गंमत गावात अजून सांगतात. खाली कुंपण पुढे सरकत होते आणि वर खाच खोल होत होती. कुंपणाची नवी भिंत ओढ्याच्या अंगाने वळसा घेऊन त्या लहान थडग्याच्या पलीकडे गेली, तेव्हा ते थडगे आपोआप आत आले. कुणाचीही परवानगी कुणी मागितली नव्हती.

मुलीच्या जन्मानंतर सहाव्या वर्षी ती तारीख पुन्हा शनिवारी आली. एनॉस शंख घेऊन दारात उभा राहिला. मागे पाळक, अंगणात गाव. सूर्य टेकडीच्या कडेला टेकला. एनॉसने शंख तोंडाला लावला आणि पुन्हा खाली घेतला.

"वाजव," पाळक म्हणाले.

"अजून दिसतोय, रेव्हरंड."

"वाजव म्हणतो ना."

"दारातून दिसतोय," एनॉस म्हणाला. "नियम तुमचाच आहे."

खाचेतून ऊन आले ते त्या दोघांच्या अंगावर पडले.  सबमिटने पूर्वेकडे हात केला. सगळ्या गावाने मान वळवली. पांढऱ्या धोंड्यावर ऊन होते. सूर्य खाचेखाली जाईपर्यंत पाळकांना आपल्याच दारात उभे राहावे लागले.

"तुम्ही देवाचा डोंगर कापलात," ते मग म्हणाले.

"कुंपणाला दगड हवे होते," सबमिट म्हणाली.

त्या संध्याकाळी देवदूताने सूर्य हातावर तोलून धरला होता, असेही काही जण सांगतात. लोइसबाईंना ते पसंत नाही. "देवदूत नव्हता," त्या म्हणाल्या. "बायका होत्या."

पुढच्या आठवड्यात मंडळीतल्या पुरुषांनी हात वर करून ठरवले की, बाप्तिस्म्याआधी मुलाचा जन्म केव्हा झाला हे विचारायचे नाही. वसंतात पाळक स्टर्ट दुसऱ्या गावी निघून गेले. थडग्यावर लहानसा दगड बसवला गेला. नाव नाही. त्यावर 'शनिवार' एवढाच शब्द कोरलेला आहे. मी तो हात लावून पाहिला.

जुन्या कॅलेंडरातली ती तारीख आता दहा दिवस पुढे, २८ ऑक्टोबरला येते. आजही त्या दिवशी गावातले लोक एप्रन बांधून खिंडीत जातात, पुरुषसुद्धा, आणि प्रत्येक जण एकेक दगड आणून कुंपणावर ठेवतो. मलाही एक एप्रन मिळाला. ऋजुता म्हणाली, "मावशी, गुडघे सांभाळ." दगड नारळाएवढा होता. तो खाली येईपर्यंत ओटीत दोन्ही हातांनी धरावा लागला.

संध्याकाळी मी प्रार्थनाघराच्या दारात उभी राहिले आणि ऋजुताला अंगणाच्या टोकाला उभे केले, जिथून खाच समोर येत नाही. दोघींनी घड्याळे जुळवून घेतली होती. तिच्या जागेवरून सूर्य पाच वाजून अठरा मिनिटांनी गेला. दारातून तो पाच वाजून बावीस मिनिटांपर्यंत दिसला. मग शंख वाजला. मी पूर्वेकडे वळून पाहिले. पांढऱ्या धोंड्यावर ऊन होते.