हजेरीची वेळ

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका राज्यात पहिल्यांदा चोरी करणाऱ्याला कैद नसे. त्याने वर्षभर नजरेखाली मोकळं राहायचं आणि रोज सूर्योदयाला चावडीवर हजेरी द्यायची. पुन्हा हात मारला, की मात्र दहा वर्षं दगडाच्या खाणीत!

कायदा दयाळू खरा, पण गंमत बघा, दहातले सात खाणीतच जात. प्रधान म्हणाला, "महाराज, हजेरी दोनदा घ्या." राजाने तसं केलं नाही. त्याने कोंडाजी नावाच्या म्हाताऱ्या मेंढपाळाला हजेरी घेण्याच्या आणि नजर ठेवण्याच्या कामावर नेमलं.

कोंडाजीला भारी कुतूहल. हे सात जण घसरतात, पण नेमके कुठे? आणि कधी? त्याला काही चैन पडेना. मग काय, गेणू नावाच्या कोंबडीचोराच्या मागे तो दिवसभर गुपचूप हिंडला. गेणूला तान्ही पोर होती. तो खाणीत गेला असता, तर पोरीला बापाचं तोंडही आठवलं नसतं.

गेणूने सकाळी हजेरी दिली आणि तो धावत वेशीवर गेला. तिथं चिटपाखरू नव्हतं. मग दारोदार काम मागत फिरला. दिवेलागणीला त्याला जुने सोबती भेटले, आणि थोड्याच वेळात त्याचा हात एका खुराड्याच्या कडीवर गेला.

कोंडाजी खाकरला. हात झटकन मागे आला.

"अरे गाढवा, पोरीचं तोंड तरी आठवायचं!"

गेणू त्याच्याकडे वळला. "आठवलं म्हणूनच, बाबा! घरात दाणा नाही. शेतकरी वेशीवरून मजूर नेतात ते सूर्योदयाला. तेव्हा मी तुमच्या चावडीत उभा!"

कोंडाजीने कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी तो थेट दरबारात गेला.

"महाराज, गेणूची हजेरी दिवेलागणीला घेऊ द्या. बाकीच्यांचं एकेकाचं बघून सांगतो."

"म्हणजे चोराच्या सोयीने कायदा?" प्रधान फणकारला.

"प्रधानजी, मेंढरं नुसती मोजत बसलं, तर पीक वाचत नाही. ज्या बांधावरून ती शेतात घुसतात, तिथं काठी घेऊन उभं राहावं लागतं."

राजाला ते पटलं. गेणू सकाळी कामावर जाऊ लागला, आणि सोबती जमायच्या वेळेला कोंडाजीसमोर बसलेला असू लागला.

वर्ष सरलं. खाणीत नवे कैदीच येईनात. शेवटी प्रधानाला दवंडी पिटावी लागली, "दगड फोडायला मजूर पाहिजेत हो!"

खाणीवर पहिला पोचला तो गेणूच. दिवसभर त्याने घण घातले, आणि संध्याकाळी मजुरी घेऊन तो आपल्या पोरीकडे घरी परतला.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: पाळत ठेवायची, तर माणूस जिथे घसरतो तिथे ठेवावी.